नानांच्या नावेची सावलीची बाजू

सरपंच आण्णा, सोनाकाकू, शिवा, आणि दोन्ही काठांवरनं आलेल्या मंडळींनो,

मला बोलायला उभं केलंय. मास्तर आहे म्हणून. मास्तरला बोलता येतं असा एक समज आहे. वर्गात येतं, इथं येत नाही. नानांचा फोटो असता तर त्याच्याकडं बघून बोललो असतो. पण नानांनी जन्मात फोटो काढला नाही. म्हणून तुम्ही त्यांचं जुनं वल्हं इथं भिंतीला उभं केलंत आणि त्याला हार घातलात. नवं वल्हं तर त्यांच्याबरोबरच गेलं. चांगलं केलंत. पण मला त्या वल्ह्याकडं बघवत नाही. अजून ओलं दिसतंय. कुणी तेल लावलं असेल. पण दिसतंय ओलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी आज चालत आलोय. पलीकडच्या काठावरनं, वरच्या पुलावरनं वळसा घालून, उजाडल्यापासून चालतोय. शिवानं निरोप धाडला होता, "मास्तर, तुमच्यापुरती एक खेप मारतो, घाटावर थांबा." मी उलटा निरोप धाडला, नाव सोडू नकोस. शिवाला राग आला. अजून आहे, मला इथनं दिसतोय. असू दे. का चालत आलो ते शेवटी सांगणार आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. आण्णा, तुम्ही घड्याळाकडं बघितलंत तरी बसणार नाही.

सांगलीकडनं, विट्याकडनं पाहुणे आलेत, त्यांच्यासाठी सांगतो. मारुती नाना म्हणजे आपल्या घाटावरचे नावाडी. सोनाकाकू त्यांच्या पत्नी, शिवा त्यांचा मुलगा. त्यांच्या आधी त्यांचे वडील नावाडी. आवाज असा की अलीकडनं शिवी दिली तर पलीकडच्या माणसानं वळून बघावं. अंगानं आडवे, तोंडानं तिखट, आणि मनात काही राहत नसे. आणि त्यांची नाव. ती नाव तुम्ही घाटावर बघितली असेल. तिला दोन्हीकडं सारखंच टोक. पुढचं कुठलं, मागचं कुठलं, ब्रह्मदेवाला विचारलं तरी सांगता यायचं नाही. पोरं तिला मांडूळ म्हणतात. मांडुळाचंही तोंड कुठं आणि शेपूट कुठं ते कळत नाही.

तसं का केलं होतं? कारण आपली नाव कधी फिरवायची नाही, ही इथली रीत. ह्या काठाला लागली की माणसं उतरायची, नवी चढायची, आणि नाव आली तशीच परत जायची. फिरायचे ते नाना. वल्हं खांद्यावर घ्यायचे आणि बसलेल्या माणसांच्या मधनं ह्या टोकाकडनं त्या टोकाकडं जायचे. जाताना ओरडायचे, "सरका रं, आता हिकडं म्होरं!" आठवतंय ना? इथं असा कोण आहे, ज्याच्या डोक्याला ते वल्हं लागलं नाही?

मला ते ओरडणं वेगळ्या कारणासाठी आठवतं. मी पलीकडच्या वाड्यातला. आता त्याला बुद्धवाडा म्हणतात. माझ्या लहानपणी काय म्हणायचे ते मी ह्या तोंडानं उच्चारत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा आमच्या माणसांनी मागं बसायचं, असा नियम होता. देवळात मागं, चावडीत मागं, नावेतही मागं. एकदा आईचं बोट धरून मी नावेत चढलो आणि एक गृहस्थ आईला म्हणाले, "मागं सर गं." नाना तेव्हा जवान होते, वडिलांच्या हाताखाली वल्हं मारायचे. ते म्हणाले, "आवं, मागं म्हंजी कुठं? आत्ता ह्ये मागं हाय. परत येताना ह्येच म्होरं. मग तवा तुमी काय पान्यात बसणार व्हय?" सगळी नाव हसली. तो गृहस्थही हसला, काय करतो? आणि नाना मला म्हणाले, "बस रं गड्या, तुला कुठं बसायचं तितं."

कुठं बसायचं तिथं! मंडळी, असं मला तोवर कुणी म्हणालं नव्हतं. मी मधोमध बसलो. धारेकडं पाठ नको म्हणून खालच्या बाजूला, पाणी वाहत जातं तिकडच्या बाजूला बसलो आणि नावेचा काठ घट्ट धरला. तिथं लाकडात गाठीचा एक खड्डा होता, अंगठा बरोबर मावेल एवढा. त्यात अंगठा रुतवला. त्या दिवसापासून ती माझी जागा झाली. मोठा झालो, ट्रेनिंग करून आलो, ह्याच गावच्या शाळेत लागलो. रोज नदी ओलांडली आणि रोज त्याच खड्ड्यात अंगठा. मला पोहता येत नाही. नाना सगळ्यांदेखत म्हणायचे, "मास्तर, काठ सोडा आता, न्हाईतर बोटाला मुळं फुटतील." मी सोडत नसे. मी भित्रा माणूस आहे. आज जे सांगणार आहे तेही भित्र्या माणसाचं बोलणं म्हणून ऐका. पण ऐका.

नाव कधी फिरत नाही, म्हणजे काय होतं? तिची एकच बाजू कायम धारेला तोंड देते. जाताना तीच, येताना तीच. पाणी, ओंडके, दगड, जे काय येईल ते त्या बाजूला. तिला नाना धारेची बाजू म्हणायचे. दुसरी बाजू तिच्या आडोशाला. ती सावलीची बाजू. माझा खड्डा तिच्यावर. दरवर्षी पाऊस सरला की नाव वर काढायची, धारेच्या बाजूच्या फळ्या बदलायच्या, फटीत काथ्या ठोकायचा, वरनं डांबर. सावलीच्या बाजूला हात लावायचा नाही. वडिलांनी लावला नाही, नानांनीही लावला नाही. म्हणजे धारेच्या बाजूला जुनी फळी उरली नाही आणि सावलीच्या बाजूला नवी फळी कधी आली नाही.

मी एकदा विचारलं होतं, "नाना, त्या बाजूच्या फळ्या कुजत नसतील का?" तर म्हणाले, "तिला कवा धारच लागली न्हाई मास्तर, ती कशाला कुजल?" आता हे चुकीचं होतं. लाकूड सावलीतही कुजतं. गेलेल्या माणसाची चूक काढू नये म्हणतात. पण नाना समोर असते तर मी त्यांच्या तोंडावर काढली असती आणि त्यांनी मला दोन शिव्या देऊन ऐकून घेतली असती. म्हणून आजही काढतो. टोकं सारखी होती, हो. कुशी सारख्या नव्हत्या. सगळी मेख तिथं होती आणि ती फक्त त्या घरात ठाऊक होती.

मग यंदाचा उन्हाळा आला. पलीकडं नव्या पुलाची कोनशिला बसवायला मोठे पाहुणे येणार, असं ठरलं. पाहुणे नावेतनं जाणार. आण्णा, तुमची हौस दांडगी. हौसेला मी दोष देत नाही. नाना तेव्हा सोनाकाकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणून मिरजेला होते. त्यांच्या मागं इथं नाव वर काढली, सांगलीहून रंगारी आणला, निळा रंग आणि वर पांढरा पट्टा. रंगारी मेहनती होता. डांबर घासलं, फटी, खड्डे, गाठी, सगळीकडं लांबी, म्हणजे रंगाऱ्याचा तो लगदा, भरली, वरनं रंगाचे थर चढवले. आणि पोरांनी गुलाल उधळत, हलगी वाजवत नाव पाण्यात सोडली.

नाना परत आले. काकूंना घरी सोडून तसेच घाटावर गेले. मी तिथं होतो. नावेकडं बघत उभे राहिले. शिवी नाही, हसणं नाही. मग विचारलं, "पान्यात कुणी सोडली?" पोरं म्हणाली, "आमी समद्यांनी, नाना. वाजतगाजत." "कंचं टोक आदी सोडलं?" कुणालाच सांगता येईना. एक जण म्हणाला, "नाना, दोन्हीकडं सारखीच हाय की."

दोन्हीकडं सारखीच हाय की. मंडळी, हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. नंतर किती वेळा ऐकलं ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघालो. नेहमीसारखा खालच्या बाजूला मधोमध बसलो, काठावर हात टाकला, आणि अंगठा कुठं जाईना. खड्डाच नव्हता. मी म्हणालो, "नाना, माझी गाठ लागंना." त्यांचं वल्हं पाण्यात तसंच थांबलं. कुणीतरी म्हणालं, "रंगात बुजली आसंल." नाना उठले, नावेच्या समोरच्या काठाशी आले आणि तो काठ चाचपला. तिथंही गुळगुळीत. बुक्कीनं फळ्या ठोकून बघितल्या. रंगाचा थर एवढा जाड की दोन्हीकडनं आवाज एकच. नानांनी माझ्याकडं बघितलं. त्या माणसाच्या डोळ्यांत मी तोवर भीती बघितली नव्हती. मला माझी भीती ठाऊक होती, तिची सवय होती. पण नावेत आपण भ्यायचं आणि नावाड्यानं हसायचं, असं आमचं ठरलेलं होतं. त्या दिवशी नाना हसले नाहीत.

तुम्ही म्हणाल, एवढा संशय होता तर नाव परत फिरवायची होती. कशी फिरवणार? ती उलटी आहे, म्हणजे सावलीची बाजू धारेला आलीय, हे तरी कुठं ठाऊक होतं? सुलटीच असली तर फिरवून उलटी व्हायची. नानांना नक्की कळत नव्हतं, हेच तर त्यांना खात होतं. म्हणून ते आण्णांकडं गेले. मी बरोबर होतो, म्हणून सांगतो. म्हणाले, "आण्णा, धारंकडचा वीतभर रंग खरवडू द्या. खाली डांबराचा डाग घावला तर माझ्या जिवाला घोर न्हाई." आण्णा म्हणाले, "पाव्हणं येऊन जाऊ द्या नाना, मग काय खरवडायचं ते खरवडा. आणि दोन्हीकडं सारखीच हाय की."

खाली बसा आण्णा. मी तुमच्यावर आळ घेत नाही. तुम्ही जे म्हणालात तेच अख्खं गाव म्हणत होतं.

पाहुणे आले नाहीत. तारीख पुढं गेली. परत पुढं गेली. पाहुण्यांच्या आधी पाऊस आला. आणि नाना बदलले. "सरका रं" ओरडणं बंद झालं. वल्हं घेऊन मधनं जाताना गुपचूप जायचे, खाली बघत, पायाखालच्या फळ्या बघत. हातात डबा घेऊन पाणी उपसायचे. मंडळी, नावेत पाणी नव्हतं. कोरडी नाव उपसायचे. मी विचारलं, "नाना, काय उपसताय?" तर म्हणाले, "आज न्हाई, मास्तर. पर येणार हाय ते." सोनाकाकू, तुम्ही मला सांगितलंत की ते जेवत नव्हते. भाकरी तशीच ठेवून घाटाकडं जायचे आणि नावेच्या अंगावरनं हात फिरवत बसायचे. गावात कुजबुज सुरू झाली, म्हातारा चळला.

तो दिवस तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. इथं ऊन होतं आणि नदीला पाणी होतं. वर डोंगरात पाऊस झाला की असं होतं. लाल पाणी, आणि वर बाभळीची खोडं. बाजारचा दिवस, घाटावर गर्दी. नाना म्हणाले, "आज खेप न्हाई." लोक कावले. कुणी म्हणालं, "यापेक्षा जास्त पान्यात गेलायसा की, नाना." कुणी म्हणालं, "वय झालं आता." ते नानांना लागलं. म्हणाले, "बसू नका कुणी. मी एकटा जाऊन बघून येतो." शिवा चढायला लागला, त्याला हातानं मागं ढकललं. शिवा, आठव, तुला ढकललं. उगाच नाही ढकललं.

एकटे निघाले. मध्यावर गेले आणि वल्हं थांबवलं. आम्ही बघत होतो. ते धारेच्या बाजूला वाकले. गुडघ्यावर बसले आणि फळीला कान लावला. भर पुरात, भर नदीत, नावेच्या कुशीला कान लावून तो माणूस बसला. काय ऐकू आलं असेल? पाणी आत शिरायच्या आधी लाकूड काही बोलत असेल का? मला ठाऊक नाही. मग उठले, आणि जन्मात केलं नव्हतं ते करायला लागले. नाव फिरवायला लागले.

शिवा किंचाळला, "नाना, काय करताय?" आडवी चाललेली नाव धारेत उभी झाली. अर्धी फिरली. तेवढ्यात वरनं खोड आलं, मोठं, मुळासकट. ते मध्ये आलं आणि नाव दिसेनाशी झाली. पुढं सरकलं तेव्हा नाव दिसली. नाना दिसले नाहीत.

नाव पूर्ण फिरली होती का? कुणी बघितलं? मी प्रत्येकाला विचारलं. कुणीही बघितलं नाही. जो तो नानांना शोधत होता.

नाना खालच्या डोहाला सापडले. नाव त्याच्याही खाली बाभळीत अडकून पडली होती. धडधाकट, साजरी, रंगाचा टवकाही उडाला नाही. लोक म्हणाले, बघा, नावेला काही झालं नाही, म्हातारा उगाच भ्यायला. दोरानं ओढत आणली आणि घाटाला बांधली. मी विचारलं, कुठलं टोक कुठं करून बांधली? काय उत्तर मिळालं असेल? तुम्हीच सांगा.

आणि काल दवंडी पिटली. उद्यापासून नाव सुरू, वल्हं शिवा धरणार. उद्या शाळा आहे. पलीकडनं माझ्या वर्गातली पोरं येणार. बुद्धवाड्यातली येणार, मळ्यातली येणार. त्यांना आता मागं सर असं कुणी म्हणत नाही. ती कुठंही बसतात, काठाला धरून खिदळतात. आणि नदी अजून उतरलेली नाही.

आता चालत का आलो ते सांगतो.

आल्या आल्या मी इथं आलो नाही. आधी घाटावर गेलो. शाळेत नकाशा टांगायचा एक खिळा मी घरनं खिशात टाकून आणला होता, बोटाएवढा. नाव घाटाला लागली होती. कुणाची परवानगी घेतली नाही. आण्णा, पाहुण्यांसाठी राखलेला रंग मी खरवडला. धारेकडं जी बाजू आहे तिथला, वीतभर. नानांनी मागितला होता तेवढाच.

खाली डांबर नव्हतं. डाग नाही, शिंतोडा नाही. काळंभुरं जुनं लाकूड होतं. मग मी काठावर मधोमध लांबी उकरली. उकरता उकरता खड्डा लागला. मी त्यात अंगठा घातला.

मंडळी, तो बरोबर बसला.

माझी जागा आज धारेच्या बाजूला आहे. नाव उलटी आहे. ती उन्हाळ्यापासून उलटी होती आणि नानांचं फिरवणं अर्धंच राहिलं, की नानांनी जीव देऊन ती सुलटी केली आणि आपण ओढत आणून परत उलटी बांधली, हे आता कधीच कळणार नाही. शिवा, तू डोळे पुसू नकोस. तू ऐक. तुझा बाप चळला नव्हता. तुझा बाप भ्यायला होता, आणि त्याला भ्यायला कारण होतं. उद्या नाव सोडू नकोस. ती फिरवून सुलटी बांधलीस तरीही सोडू नकोस. ती बाजू कुठंही तोंड करून असली तरी आता पाणी सोसायची नाही. आण्णा, दवंडी परत फिरवा. आजच फिरवा.

आता उभं राहू या. किती मिनिटं ते मी सांगत नाही. नानांना आपल्याला ह्या काठावरनं त्या काठाला न्यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ आपण गप्प उभं राहू. मधली वाट मोकळी करा. शिवा, ते वल्हं भिंतीपासनं काढ, खांद्यावर घे आणि माणसांच्या मधनं त्या टोकापर्यंत जा. ओरडू नकोस. आज नाना कुणाला सरका म्हणणार नाहीत. आपणहून सरकू या.

आणि शिवा त्या टोकाला पोहोचला की घरी जाऊ नका. सगळे मिळून घाटावर चला. रंग खरवडून झाल्यावर मी तो नकाशाचा खिळा त्या फळीवर टेकवला होता. हातोडी नव्हती. नुसत्या अंगठ्यानं दाबला, आणि तो डोक्यापर्यंत आत गेला. मी तो काढलेला नाही.

उभे राहा.